रामानुजन नापास झाला होता, पण मधल्या नऊ वर्षांचं काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी तो मेसेज फिरायला लागतो, की बघा रामानुजनसुद्धा नापास झाला होता, टेन्शन घेऊ नका. मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो त्यामुळे पालक मला तर हमखास पाठवतात, कुणी मुलाची समजूत काढायला आणि कुणी खरं तर स्वतःची. भावना चांगलीच आहे त्यामागची. पण मेसेज कसा असतो, की तो नापास झाला आणि मग एकदम केंब्रिजला गेला, मधलं सगळं गायब. आणि मला विचाराल तर ही केस अभ्यासायची असेल तर ती मधल्याच वर्षांत आहे, १९०४ ते १९१३, कारण त्या काळात मार्कशीटने या पोराचं काय केलं आणि त्याला त्यातून कुणी आणि कसं बाहेर काढलं हे नीट पाहिलं तर आपण आज आपल्या मुलांशी काय करतोय तेही दिसतं.

आधी शाळेचं बघू. जन्म २२ डिसेंबर १८८७, इरोडचा, पण वाढला कुंभकोणमला. वडील साडीच्या दुकानात कारकून, पगार महिना २० रुपयांच्या आसपास. १८९७ ला प्रायमरीची परीक्षा झाली त्यात पोरगा जिल्ह्यात पहिला आला. म्हणजे ज्याला आपण "नापास विद्यार्थी" म्हणून ओळखतो तो सुरुवातीला चक्क टॉपर होता हे आधी डोक्यात घ्या. मार्कांच्या बाबतीत हळवाही होता, एक आठवण सांगतात की अंकगणितात एका मित्राला ४५ पैकी ४३ पडले आणि याला ४२, तर हा त्या मित्राशी बोलेना. एका मार्कासाठी! वर्गात असली मुलं मी रोज बघतो, एक मार्क गेला म्हणून पेपर घेऊन येतात आणि स्टेप मार्किंगवर वाद घालतात, आणि सगळे म्हणतात की अति करतो हा. पण त्या वयात तो एक मार्क खूप मोठा असतो, त्याला हसू नये असं माझं मत.

मग टाउन हायस्कूल. तिथे हा इतका पुढे गेला की १२०० विद्यार्थी आणि पस्तीसेक शिक्षक यांचं टाइमटेबल बसवायच्या कामात वरिष्ठ गणित शिक्षकांना मदत करायचा. ज्याने कधी शाळेचं टाइमटेबल बसवलंय त्यालाच कळेल हे काय प्रकरण असतं. तेराव्या वर्षापर्यंत लोनीचं ट्रिगॉनॉमेट्रीचं पुस्तक संपवलेलं, तीच लोनी जी आज जेईईवाली मुलं सेकंडहँड आणतात. आणि १९०३ च्या सुमारास हाती पडलं कार नावाच्या माणसाचं पुस्तक. हा कार म्हणजे लंडनमध्ये ट्रायपॉसची, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या मोठ्या परीक्षेची, शिकवणी घेणारा मास्तर, आणि पुस्तक म्हणजे पाच हजारांच्या आसपास निकाल ओळीने लावलेले, सिद्धता जवळपास नाहीतच, असल्या तर एका ओळीच्या. सरळ बोलायचं तर परीक्षेचं गाईड. आम्ही शिक्षक गाईडला नावं ठेवतो आणि बरोबरच करतो, पण या मुलाने त्या गाईडमधला एकेक निकाल स्वतः सिद्ध करायला घेतला, आणि सिद्ध करता करता नवीन सापडायला लागले. तिथून तो परत आलाच नाही असं म्हटलं तरी चालेल.

१९०४ मध्ये शाळा संपताना गणिताचं बक्षीस मिळालं, हेडमास्तर कृष्णस्वामी अय्यर यांनी स्टेजवर सांगितलं की या मुलाला पैकीच्या पैकीपेक्षा जास्त मार्क द्यायला हवेत. कुंभकोणमच्या गव्हर्नमेंट कॉलेजात स्कॉलरशिपही मिळाली. इथपर्यंत सगळं तुमच्या-माझ्या ओळखीच्या हुशार मुलासारखं.

आणि इथेच घात झाला.

कॉलेजात विषय होते इंग्रजी, गणित, ग्रीक-रोमन इतिहास, संस्कृत आणि शरीरशास्त्र. हा इतिहासाच्या तासाला बसून गणित करायचा, इंग्रजीच्या तासालाही तेच. निकाल काय लागणार. इंग्रजी कॉम्पोझिशनमध्ये गेला आणि स्कॉलरशिप बंद. टर्मची फी ३२ रुपये, म्हणजे वडिलांचा दीड महिन्याचा पगार. आई कोमलताम्माळ तडक प्रिन्सिपॉलकडे गेली, माझ्या मुलाच्या तोडीचा गणितात दुसरा कोण आहे दाखवा म्हणून. (ही बाई मला फार आवडते, आजही अशा आया ऑफिसबाहेर बसलेल्या दिसतात, मुलाची फाईल पदराखाली धरून.) प्रिन्सिपॉल सभ्यपणे बोलले पण म्हणाले नियम आहे, काही करता येणार नाही. ते खोटं बोलत नव्हते, नियम खरंच होता.

ऑगस्ट १९०५ मध्ये पोरगा घरात न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला, सतरा वर्षांचा होता. घरच्यांनी पेपरात मुलगा हरवल्याची बातमी दिली. पुढे परत आला. आपल्याकडे निकालाच्या दिवसांत पोलीस स्टेशनला अशा तक्रारी येतात तेव्हा आपण म्हणतो आजकालची मुलं कमकुवत आहेत, तर हे आजकालचं नाही हो, मुलाला फेल झाल्यावर घरात तोंड दाखवावंसं वाटत नाही हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही असंच होतं.

१९०६ मध्ये मद्रासला पचय्यप्पा कॉलेज, पुन्हा पहिल्यापासून एफ.ए. म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखी परीक्षा. गणिताचा तीन तासांचा पेपर अर्ध्या तासात उरकायचा आणि शरीरशास्त्रात दहा टक्क्यांच्या आत. शाकाहारी, सोवळ्यातल्या घरातला मुलगा, प्राण्याचं विच्छेदन वगैरे बघूनच अंगावर काटा यायचा त्याच्या. मध्ये आजारी पडला, घरी आला. डिसेंबर १९०६ ला परीक्षा दिली, नापास. १९०७ ला बाहेरून दिली, परत नापास. आणि एफ.ए. नाही म्हणजे युनिव्हर्सिटीचं दार बंद, विषय संपला.

आता इथे मला एक गोष्ट ठासून सांगायचीय. मार्क खोटे नव्हते. त्याला शरीरशास्त्र येत नव्हतं, तपासणाऱ्याने बरोबरच मार्क दिले, इंग्रजीतही तसंच. "सिस्टीमला टॅलेंट ओळखता आलं नाही" असं जे म्हणतात ते मला अर्धवट वाटतं, कारण गणिताचं टॅलेंट तर सिस्टीमने शाळेतच ओळखलं होतं, बक्षीस दिलं, स्कॉलरशिप दिली. माझा राग आहे तो बेरीज करायच्या पद्धतीवर. पाच विषयांत एक गेला की बाकीच्या चारांचं मोल शून्य, हा जो हिशोब आहे तो चुकीचा. शरीरशास्त्र येत नाही तर डॉक्टर करू नका त्याला, कोण म्हणतंय करा, पण शरीरशास्त्र येत नाही म्हणून गणित शिकायला बंदी हे कुठलं लॉजिक? आपल्याकडे आता दहावीला एटीकेटी आहे, एक-दोन विषय राहिले तरी मूल अकरावीत जाऊन बसू शकतं आणि राहिलेला पेपर नंतर काढतं. लोक एटीकेटीला नाकं मुरडतात, लाड म्हणतात. मी तरी त्या बाजूने आहे, आणि त्याचं एक कारण ही केस.

१९०७ ते १९१० काय केलं याने? शिकवण्या घ्यायचा प्रयत्न केला, पण सिलॅबसमध्ये राहणं जमायचं नाही, भलतीकडेच जायचा, मुलं टिकायची नाहीत. घराच्या ओट्यावर पाटी मांडीवर घेऊन बसायचा, पाटीवर गणित करायचं, निकाल हाती आला की वहीत फक्त तेवढाच उतरवायचा आणि पाटी कोपराने पुसायची. फडकं घ्यायला वेळ कोण घालवणार म्हणून कोपराने. कागद परवडत नव्हता, महिन्याला चार रीम लागतील म्हणायचा, इथे जेवायचे वांदे. निळ्या शाईने लिहून झालेल्या कागदावर तो लाल शाईने परत लिहायचा. आणि याचा परिणाम असा झाला की त्याच्या वह्यांमध्ये निकाल आहेत पण ते कसे आले ते नाही, ते पाटीवर होतं आणि पुसलं गेलं. पुढे कित्येक गणितज्ञांची कित्येक वर्षं त्या पुसलेल्या पायऱ्या परत शोधण्यात गेली. ३२ रुपये फीची किंमत काढायची तर ती अशीही काढता येते.

१९०९ मध्ये आईने लग्न लावून दिलं, जानकीशी, ती दहा वर्षांची. आता नोकरी शोधणं आलं. नोकरीसाठी मार्कशीट लागते आणि ती दाखवण्यासारखी नाही, म्हणून तो वही दाखवायला लागला. केसचा टर्निंग पॉइंट माझ्या मते हाच.

१९१० मध्ये तो तिरुकोइलूरला डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेला, काय मागायला, तर रेव्हेन्यू खात्यात साधी कारकुनी. योग असा की याच गृहस्थांनी १९०७ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी सुरू केलेली. त्यांनी वही चाळली आणि नोकरी दिली नाही! त्यांनी पुढे सांगितलं की रेव्हेन्यू खात्याच्या तळाच्या पायरीवर बसवून या मुलाची प्रतिभा गुदमरवायची माझी इच्छा नव्हती. रिकाम्या हाताने नाही पाठवलं, मद्रासच्या गणितवाल्यांना चिठ्ठ्या दिल्या. तिथून गणिताचे प्रोफेसर शेषू अय्यर, आणि मग नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव. रामचंद्र रावांनी त्या पहिल्या भेटीबद्दल लिहून ठेवलंय, बुटका, जाडसर, दाढी वाढलेली, फारसा स्वच्छ नाही, डोळे मात्र चमकणारे आणि काखेत फाटकी वही. काय हवंय विचारलं तर म्हणाला पोटापुरतं मिळालं तर गणित करत राहीन. रावांना पहिल्यांदा काही पटलं नाही, पण ते परत परत भेटले, आणि मग स्वतःच्या खिशातून महिना २५ रुपये द्यायला लागले.

याच सोसायटीचा आपल्याशी एक जवळचा धागा आहे, तिची लायब्ररी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होती आणि फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल होते रँग्लर परांजपे. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या ट्रायपॉसमध्ये पहिले आले, सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. आपल्या आजोबांच्या पिढीत "रँग्लर" हे जणू त्यांचं नावच झालेलं. म्हणजे बघा, एकाच काळातले दोन गणिती, एक प्रत्येक परीक्षेत पहिला आणि दुसऱ्याला एफ.ए. सुटेना. परांजपे परत येऊन वर्षानुवर्षं कॉलेज चालवत राहिले, पिढ्या घडवल्या, ते यश काही कमी नाही आणि मला त्यांना रामानुजनसमोर छोटं करायचं नाहीये. परीक्षेत पहिला येणारा माणूसही खरा असतो आणि नापास होणाराही, एकाच फूटपट्टीने दोघं मोजायला गेलो की गडबड.

१९११ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याने वाचकांसाठी एक कोडं टाकलं. हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो म्हणून इथेही लिहितो:

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …)))) = किती?

अंक अनंतापर्यंत आत आत जातात. सहा महिने, तीन अंक निघाले जर्नलचे, कुणीही सोडवून पाठवलं नाही. उत्तर आहे ३. कसं ते बघा, ३ म्हणजे √९, आणि ९ म्हणजे १ + २×४. आता त्या ४ ला √१६ लिहा, १६ म्हणजे १ + ३×५. मग ५ म्हणजे √२५, २५ म्हणजे १ + ४×६. झालं, हे असंच उघडत जातं. (काटेकोर सिद्धतेला याहून जास्त लागतं, पण आत शिरायची वाट हीच.) नववीच्या पोरालाही कळतं, आणि कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासाठी मी हा पेशा सोडत नाही. दोनदा नापास झालेल्याने हे घातलं होतं आणि जर्नलचे वाचक कोण, तर त्या काळातले कॉलेजांचे गणिताचे प्रोफेसर.

१ मार्च १९१२ ला मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये क्लार्क म्हणून लागला, महिना ३० रुपये. अर्जात त्याने लिहिलंय की मॅट्रिक पास आहे, एफ.ए.पर्यंत शिकलोय, काही अडचणींमुळे पुढे शिकता आलं नाही, पण सगळा वेळ गणिताला देतोय. नापास हा शब्द नाही. मला त्यात लपवाछपवी वाटत नाही, रेझ्युमेमध्ये कुठलाही शहाणा माणूस असंच लिहील. तिथले चीफ अकाउंटंट नारायण अय्यर स्वतः गणितवाले, रात्री दोघं दोन पाट्या घेऊन बसायचे.

मग इंग्लंडला पत्रं. काही प्रोफेसरांनी कागद तसेच परत पाठवले. १६ जानेवारी १९१३ चं पत्र गेलं केंब्रिजचा गणितज्ञ हार्डीला, आणि त्यात सुरुवातीलाच सांगून टाकलंय की माझं युनिव्हर्सिटी शिक्षण झालेलं नाही. आता हार्डी कोण होता हे महत्त्वाचं. तो स्वतः त्याच ट्रायपॉसमध्ये चौथा आलेला, आणि त्या परीक्षेचा त्याला मनापासून तिटकारा. रँग्लरांची क्रमवारी जाहीर करायची पद्धत बंद व्हावी म्हणून भांडणाऱ्यांत तो होता आणि १९०९ नंतर ती खरंच बंद झाली. आपल्याकडे बोर्डाची मेरिट लिस्ट बंद झाली ना, तसंच, पेढा भरवतानाचे पेपरातले फोटो संपले. तर ज्याने परीक्षेच्या नंबराला काही अर्थ नसतो हे आधीच ठरवलेलं होतं, त्याच्या टेबलावर हे पत्र पडलं. त्याने आणि त्याचा गणितज्ञ सहकारी लिटलवुडने एका संध्याकाळी बसून ते कागद वाचले, आणि हार्डीचं म्हणणं असं की हे निकाल खरेच असणार, कारण खरे नसते तर असलं काही रचून काढण्याइतकी कल्पनाशक्ती कुणाकडेच नाही.

इथे मेसेजवाले थेट बोटीत बसवतात त्याला. पण मला त्याआधीचं एक पाऊल फार मोलाचं वाटतं. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले होते, तेही सीनियर रँग्लर, त्यांनी वह्या बघून युनिव्हर्सिटीला लिहिलं की या माणसाला काही वर्षं पोटाची चिंता न करता गणित करू द्या. रिसर्च स्कॉलरशिपला एम.ए. लागायचं आणि याच्याकडे एफ.ए.सुद्धा नाही. सिंडिकेटमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कारभारी मंडळात, प्रश्न आला तेव्हा न्यायमूर्ती सुंदरम अय्यर यांनी कायदाच काढून दाखवला, की संशोधनाला चालना देणं हे युनिव्हर्सिटीचं काम आहे असं त्यात लिहिलंय. आणि मंजूर झाली, महिना ७५ रुपये, दोन वर्षं. आठ-नऊ वर्षांपूर्वी कुंभकोणममध्ये नियम बोट दाखवून आईला परत पाठवतो, आणि इथे तसाच एक नियम असताना कुणीतरी कायद्याचं पुस्तक उघडून वाट काढतो. दोन्हीकडे चांगली, सुशिक्षित माणसंच बसली होती, फरक एवढाच की इथे वही वाचली गेली होती.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे म्हणून पटकन सांगतो. १७ मार्च १९१४ ला बोट निघाली, १९१६ मध्ये केंब्रिजने संशोधनावर बी.ए. दिली, म्हणजे पहिली पदवी अठ्ठाविसाव्या वर्षी. १९१८ मध्ये रॉयल सोसायटी या इंग्लंडच्या नामवंत विज्ञानसंस्थेचा फेलो, भारतीयांमध्ये दुसरा, पहिले मुंबईचे अर्देशर कर्सेटजी १८४१ मध्ये. त्याच वर्षी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा फेलो. हार्डीने एकदा गणितज्ञांना १०० पैकी मार्क दिले, स्वतःला २५, लिटलवुडला ३०, जर्मन गणितज्ञ हिल्बर्टला ८० आणि रामानुजनला १००. आयुष्यभर परीक्षेवर चिडलेल्या माणसाने दिलेले मार्क आहेत हे.

पण त्याच हार्डीने आणखी एक लिहून ठेवलंय, आणि ते कुठल्याच मेसेजमध्ये येत नाही. त्याच्या मते खरी शोकांतिका रामानुजन लवकर गेला ही नव्हती, तर अठरा ते पंचवीस ही गणितज्ञाच्या घडणीची वर्षं वाया गेली ही होती. जे शिकवायला कुणी हवं होतं ते कुणी शिकवलं नाही, युरोपात आधीच सापडलेल्या गोष्टी हा ओट्यावर एकटा बसून परत शोधत राहिला. म्हणून "नापास झाला म्हणून काही बिघडलं नाही" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. बिघडलं. जो वाचला तो रामस्वामी अय्यर, रामचंद्र राव, नारायण अय्यर, वॉकर, सुंदरम अय्यर, हार्डी अशी सगळी साखळी जुळली म्हणून वाचला, त्यातला एक जरी त्या दिवशी घाईत असता तर पोर्ट ट्रस्टचा एक क्लार्क म्हणून रिटायर झाला असता. तुमच्या मुलाचा एखादा विषय गेला असेल तर त्याला हा मेसेज पाठवाच, पण त्याचं ज्या विषयात डोकं चालतं त्याची वही एकदा स्वतः उघडून बघा, आणि तुम्हाला त्यातलं कळत नसेल तर ज्याला कळतं त्याच्याकडे घेऊन जा. त्या आईला जे प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये जमलं नाही ते तुम्हाला आज जमू शकतं, माणसं शोधणं खूप सोपं झालंय.

जानेवारी १९१९ मध्ये, इंग्लंडमध्ये आजारी असताना, मद्रास युनिव्हर्सिटीने त्याला वर्षाला २५० पाउंड मंजूर केल्याचं कळलं. त्याने उत्तर पाठवलं की आईवडिलांना ५० पाउंड द्या आणि माझा खर्च भागून जे उरेल ते शिक्षणावर लावा, खास करून गरीब आणि अनाथ मुलांची शाळेची फी कमी करायला आणि शाळांना पुस्तकं द्यायला. मार्चमध्ये तो मुंबईला उतरला आणि २६ एप्रिल १९२० ला मद्रासमध्ये वारला, बत्तीस वर्षांचा होता.